द्राक्षबागेतल्या जुन्या छोट्या ट्रॅक्टरचं चार्जिंग भरवशाचं कसं करावं?

तासगावचा बागायतदार

नमस्कार मंडळी. आमच्याकडं साडेअठरा एचपीचा छोटा ट्रॅक्टर आहे, २००६ चा. ब्लोअर, रोटर, खत, माल निघाला की क्रेट, सगळं त्याच्याच जिवावर चालतं. मोठा ट्रॅक्टर ओळीत शिरत नाही. इंजिन अजून खणखणीत आहे, तेल खात नाही, उचल चांगली आहे. दुखणं फक्त चार्जिंगचं.

दिवसा काम केलं तर काही जाणवत नाही. रात्री फवारणीला घातला की दुसऱ्या दिवशी सेल्फ नुसता "टक" करतो. पहाटे इंजिन गरम करायला हीटर देऊन सेल्फ मारायचा तर बॅटरीत जीवच नसतो. मग गडी बोलवा, उतारावर ढकला. गेल्या वर्षी नवी बॅटरी टाकली. अल्टरनेटर, म्हणजे इंजिनच्या पट्ट्यावर फिरून वीज देणारं यंत्र, खोलून कार्बन आणि बेअरिंग बदलून आणलं. दुकानात बाकावर लावून दाखवला, चार्जिंग उत्तम. ट्रॅक्टरला लावला की पुन्हा तेच.

लाइट चार आहेत, पुढं दोन आणि मागं ब्लोअरकडं दोन, सगळे ५५ वॅटचे हॅलोजन. डॅशबोर्डवर करंट दाखवणारा जुना ॲमीटर आहे, काटा मधल्या रेघेच्या जरा इकडंतिकडं असतो. दसऱ्याला ट्रॅक्टरचं रंगकाम करून घेतलंय, तेव्हा वायरिंगला हात लावलेला नाही.

घाई कशाची ते सांगतो. ऑक्टोबर छाटणी झालीय, घड बाहेर पडतायत, ढगाळ हवा आहे आणि सकाळी पानावर दव. पाऊस उघडला की त्याच रात्री डाऊनी बुरशीवरचा स्प्रे झाला पाहिजे. त्या रात्री ट्रॅक्टर उभा राहिला तर वर्षभराचा हिशोबच बिघडतो. दुकानदार म्हणतात नवा अल्टरनेटर घाला. घालायला हरकत नाही, पण पुन्हा तेच होणार असेल तर पैसे कशाला घालू? जाणकारांनी सांगावं.

कवठेमहांकाळ

दादा, बॅटरी किती एएचची (अँपिअर-तासांची, म्हणजे साठा केवढा) आहे? आम्ही ३५ काढून ५० ची टाकली, तेव्हापासून त्रास नाही. थोडी पेटी वाढवावी लागते एवढंच.

वायरमन, मिरज

मोठी बॅटरी टाकली की त्रास आठ दिवस पुढं जातो. टाकी मोठी केली म्हणून नळाचं पाणी वाढत नाही. चार्जिंग कमी पोचत असेल तर मोठी बॅटरीही अर्धवटच भरलेली राहणार, आणि अर्धवट राहिलेल्या बॅटरीच्या प्लेटवर सल्फेट धरतं. वर्षात तीही जाते.

तासगावच्या दादांनी एक फार कामाची गोष्ट लिहिलीय. बाकावर अल्टरनेटर चांगला चालतो, ट्रॅक्टरवर नाही. म्हणजे अल्टरनेटर आणि बॅटरी यांच्या मधल्या रस्त्यात काहीतरी आहे. माझी अख्खी हयात गाड्यांच्या वायरिंगमध्ये गेली, आधी वर्कशॉपला आणि नंतर स्वतःच्या टपरीवर. जुन्या गाडीचं चार्जिंग पहिल्यांदा जातं ते वायरीच्या टोकावरच्या थिंबलमध्ये, लोखंडी अंगातून मायनसकडं परतणाऱ्या अर्थिंगमध्ये, नाहीतर ॲमीटरच्या मागच्या नटात. मात्र गिऱ्हाईक अल्टरनेटर बदलून मोकळं होतं, कारण तो डोळ्यांना दिसतो.

तेव्हा दादा, सध्या काही विकत घेऊ नका. साधा डिजिटल मीटर घ्या, डीसी २० व्होल्टवर ठेवा आणि मला हे आकडे द्या.

ट्रॅक्टर रात्रभर उभा असताना सकाळी बॅटरीच्या दोन टोकांवर किती येतात ते बघा. पूर्ण भरलेली चांगली बॅटरी १२.६ च्या आसपास दाखवते. १२.२ म्हणजे साधारण निम्मी.

मग इंजिन चालू करून अर्ध्या थ्रॉटलवर न्या. लाइट बंद ठेवून बॅटरीवर मोजा, मग चारही लाइट लावून पुन्हा मोजा. लाइट चालू असतानाच मीटरची लाल पिन अल्टरनेटरच्या मागच्या जाड बोल्टवर आणि काळी पिन अल्टरनेटरच्याच अंगावर, म्हणजे बाहेरच्या धातूच्या कवचावर, लावा.

आता नीट वाचा, इथंच बहुतेक जण घसरतात. लाइट चालूच ठेवा. लाल पिन अल्टरनेटरच्या जाड बोल्टवर आणि काळी बॅटरीच्या प्लस खांबावर. थिंबलवर नाही, शिशाच्या खांबावर. दोन्हीकडं प्लसच आहे म्हणून आकडा शून्याजवळ यायला हवा. जो येईल तो वायरीत वाया जाणारा व्होल्टेज. तसंच अल्टरनेटरच्या अंगापासून बॅटरीच्या मायनस खांबापर्यंत मोजा. मायनसकडच्या मोजणीत दोन पायऱ्या वेगळ्याही घ्या, अंगापासून इंजिनच्या ब्लॉकपर्यंत आणि ब्लॉकपासून चॅसीपर्यंत, म्हणजे ट्रॅक्टरच्या सांगाड्यापर्यंत. पिन रंगावर टेकवू नका, जरा खरवडून लोखंड दिसेल तिथं टेकवा. पट्टा फिरत असतो, बाही आणि गळ्यातला टॉवेल सांभाळा.

लोड टाकल्याशिवाय मोजलं तर काही कळत नाही. करंट वाहत नसेल तर गंजलेला जॉइंटही मीटरवर चांगलाच दिसतो.

इंजिन चालू असताना बॅटरीची वायर काढून "चार्जिंग बघायची" सवय अजून खूप ठिकाणी आहे. ते करू नका. डायनामोच्या काळात ते चालून जायचं. अल्टरनेटरमध्ये बॅटरी सुटली की व्होल्टेज एकदम उसळतो आणि आतले एसीचं डीसी करणारे डायोड, व्होल्टेज आवरणारा रेग्युलेटर जातात.

तासगावचा बागायतदार

काका, आज सकाळी पोराला टॉर्च धरायला लावून सगळं मोजलं.

तीन दिवस उभा होता, बॅटरी १२.३. चालू केल्यावर लाइट बंद असताना बॅटरीवर १३.५. चारही लाइट लावले की १२.५. त्याच वेळी अल्टरनेटरच्या अंगावर मोजलं तर १४.३!

प्लसकडं, जाड बोल्ट ते बॅटरीचा खांब, ०.७. मायनसकडं, अंग ते बॅटरीचा खांब, १.१. त्यातलं अंग ते ब्लॉक ०.९, ब्लॉक ते चॅसी ०.१.

आणि एक. अल्टरनेटरचा खालचा ब्रॅकेटचा बोल्ट हाताला चांगला गरम लागतो, अगदी शेजारचं इंजिनचं लोखंड त्याच्यापेक्षा थंड.

वायरमन, मिरज

शाबास. असे आकडे दिले की निम्मं काम झालं.

बघा, अल्टरनेटर १४.३ देतोय. प्लसकडं ०.७ आणि मायनसकडं १.१ गेले, मिळून १.८. चौदा तीनमधून एक आठ वजा करा, साडेबारा. बॅटरीवर नेमका तोच आकडा आलाय. कुठंही दुसरी चोरी नाही. तुमचा अल्टरनेटर ठणठणीत आहे, नवा घेऊ नका. त्याचा रेग्युलेटर आतच बसवलेला असतो आणि तो स्वतःच्या टोकाचा व्होल्टेज बघतो. त्याला तिथं १४.३ दिसतात म्हणून तो गप्प बसतो. बॅटरीकडं किती पोचलं हे त्याला कळायला मार्गच नाही.

१२.५ वर बॅटरी चार्ज होत नाही. तिला नीट पूर्ण भरायला टोकांवर १३.८ ते १४.५ लागतात. म्हणून रात्रीची फवारणी झाली की बॅटरी जिथल्या तिथं, किंवा उतरलेली. दिवसा साडेतेरावर हळूहळू भरते, म्हणून दिवसा कळत नाही.

आता मायनस. अंग ते ब्लॉक ०.९. एवढाच तुकडा निम्मा व्होल्टेज खातोय. अल्टरनेटरला वेगळी मायनस वायर नाही, तो ब्रॅकेट आणि बोल्टमधून इंजिनला अर्थ होतो. तुम्ही दसऱ्याला रंगकाम केलं. फवारा मारताना रंग ब्रॅकेटच्या फटीत आणि वॉशरखाली जातो. कुणी अल्टरनेटर काढून पुन्हा बसवला असेल तर रंगावरच बसतो. नुसतं मीटरनं बघितलं तर अर्थ "आहे", पण करंट मोठा झाला की तो जॉइंट अडवतो. चार हॅलोजन म्हणजे २२० वॅट, जवळपास १८ अँपिअर. ०.९ व्होल्ट गुणिले १८, सोळा वॅट उष्णता त्या एका जागी. म्हणून बोल्ट गरम लागतो. हाताला जाणवलेली गोष्ट तुम्ही लिहिली ते फार बरं केलं, मीटरइतकीच ती खरी असते.

कुणी म्हणेल बॅटरीची अर्थ पट्टी खराब असेल. पण लाइट लावल्यावर बॅटरीत करंट जवळजवळ जातच नाही, सगळा लाइटमधून चॅसीत आणि चॅसीतून अल्टरनेटरच्या अंगाकडं परततो. तरी घट १.१, म्हणजे अडथळा अल्टरनेटरच्याच उंबऱ्यावर आहे.

काम असं करा. आधी बॅटरीचं मायनस काढा, मग बाकी सगळं. अल्टरनेटर उतरवून ब्रॅकेटच्या दोन्ही तोंडांवरचा आणि ब्लॉकवर तो जिथं टेकतो तिथला रंग पॉलिश पेपरनं घासून लोखंड उघडं करा. पातळ व्हॅसलीन लावून आवळा. एवढ्यावर थांबू नका. अल्टरनेटरच्या अंगावरच्या बोल्टपासून थेट बॅटरीच्या मायनसपर्यंत १० स्क्वेअर एमएमची वेगळी वायर ओढा. पुढच्या वेळी कुणी रंग मारला, ब्रॅकेट बदललं, तरी ही वायर करंट नेणारच. जुन्या ट्रॅक्टरवर मी हे हटकून करतो.

प्लसकडचे ०.७. तुमच्याकडं अल्टरनेटरची वायर आधी डॅशबोर्डला जाते, ॲमीटरमधून फिरते आणि मग बॅटरीला येते. एवढा वळसा बारीक वायरीनं. अडीच स्क्वेअर एमएमची तीन मीटर वायर १८ अँपिअरला चार दशांश व्होल्ट एकटीच खाते, वर ॲमीटरचे नट आणि थिंबल आहेतच. तेव्हा अल्टरनेटरच्या जाड बोल्टपासून बॅटरीच्या प्लसपर्यंत १० स्क्वेअर एमएमची नवी वायर थेट न्या. बॅटरीच्या अगदी जवळ ५० अँपिअरचा पट्टी फ्यूज घाला. फ्यूज टाळू नका. वायर घासून चॅसीला लागली तर बॅटरी तिच्यातून सगळी ताकद ओतेल, आणि डिझेलची नळी तिथूनच जाते.

मग ॲमीटर काही दाखवणार नाही. त्याच्या जागी व्होल्टमीटर बसवा, चावीनंतरच्या लाइनवर. ॲमीटरचा काटा मधे असला की बॅटरी भरलीय की चार्जिंग बंद आहे ते कळत नाही. व्होल्टमीटरवर १४ दिसले की फवारणीला निश्चिंत जा, साडेबारा दिसले की परत फिरा. लाइटला रिले (बारीक करंटनं मोठा करंट चालू-बंद करणारं बटण) लावा आणि रिलेचा प्लस बॅटरीकडून स्वतंत्र फ्यूजमधून घ्या. बटणावरचा भार जातो, बटण जळत नाही.

आता थिंबल. द्राक्षबागेत ही बाब फार महत्त्वाची आहे आणि कुणी लक्ष देत नाही. ब्लोअरचं धुकं वाऱ्यानं पुढं येतं आणि ट्रॅक्टरच्या अंगावर बसतं. मोरचूदाचं बोर्डो, गंधक, खतं, सगळं. शाळेत मोरचूदाच्या पाण्यात खिळा टाकून बघितला असेल, वरून तांबूस होतो आणि लोखंड खाल्लं जातं. तुमच्या नट, वॉशर, थिंबलच्या बाबतीत तेच वर्षभर चालू आहे. वायर सोलून बघा. टोकाला हिरवट आणि आत काळी पडलेली असेल तर लखलखीत तांबं दिसेपर्यंत मागं कापत जा. काळ्या तारेवर नवं थिंबल दाबून उपयोग नाही. थिंबल चांगल्या पकडीनं दाबा आणि वर गरम करून आवळणारी स्लीव्ह चढवा. नुसतं कथील ओतून सोडू नका. ट्रॅक्टर थरथरतो आणि कथील जिथं संपतं तिथं तार मोडते.

शेवटी उभ्या गाडीत बॅटरी उतरते का तेही बघा. नवी बॅटरी तीन दिवसांत १२.३ वर आली, म्हणून शंका येते. चावी बंद, बॅटरीचं मायनस काढून मधे मीटर १० अँपिअरच्या रेंजवर घाला. या ट्रॅक्टरला घड्याळ नाही, टेप नाही, आकडा शून्य हवा. मीटर मधे असताना सेल्फ मारू नका, मीटरचा फ्यूज जाईल.

तासगावचा बागायतदार

काका, ०.०४ दाखवतोय.

वायरमन, मिरज

चाळीस मिलिअँपिअर. दिवसाला जवळपास १ एएच. दहा दिवस उभा राहिला तर ३५ ची बॅटरी पाव भागापेक्षा जास्त रिकामी.

अल्टरनेटरची जाड वायर सोडा आणि परत बघा. शून्य झालं तर गळती अल्टरनेटरमध्येच. पण लगेच डायोड प्लेट बदलायला जाऊ नका. जाड बोल्टच्या भोवती जी प्लास्टिकची चकती असते तिच्यावर पांढरं-हिरवं काही साचलंय का बघा. औषधाचा थर दवानं ओलसर झाला की तिथून बोल्ट आणि अंग यांच्यात करंट सरकतो. बॅटरी सोडलेली असतानाच कोमट पाणी आणि ब्रशनं धुवा, पूर्ण वाळू द्या, मग मोजा. तरी ०.०४ राहिले तर डायोड.

निफाडकर

वाचतोय, आमच्याकडंही असाच ट्रॅक्टर. दोन शंका. चार्जिंगचा लाल दिवा जळला म्हणून काढून टाकलाय, त्यानं काही फरक पडतो का? आणि हॅलोजनऐवजी एलईडी लावावेत का?

वायरमन, मिरज

दिव्यानं फरक पडतो, निफाडकर. बऱ्याच अल्टरनेटरना सुरुवातीचा थोडा करंट त्या दिव्यातूनच मिळतो. दिवा नसला की चालू केल्यावर चार्जिंग धरत नाही, एकदा जोरात रेस दिली की मग धरतं. कधी तेही नाही. त्याच वॅटचा दिवा परत लावा, दोन-तीन वॅटचा असतो. तिथं एलईडी दिवा लावू नका, त्यातून पुरेसा करंट जात नाही. पुन्हा जळेल अशी भीती असेल तर दिव्याला समांतर ६८ ओहम, ५ वॅटचा रेझिस्टर जोडा. दिवा गेला तरी चार्जिंग चालू राहील.

कामाच्या लाइटला एलईडी जरूर लावा. चार हॅलोजनचे १८ अँपिअर जातात, १८ वॅटचे चार एलईडी लावले तर सहाच. उरलेला करंट बॅटरीला. फक्त आधी वायरिंग नीट करा, नाहीतर दोष झाकला जातो आणि ऐन थंडीत हीटरच्या वेळी वर येतो.

ब्लोअरची किंवा ट्रॅक्टरची वेल्डिंग करताना बॅटरीचं मायनस आणि अल्टरनेटरची जाड वायर दोन्ही सोडून ठेवा. गावातले वेल्डर हे विचारत नाहीत, आपणच सांगायचं.

ओहायोकर

मूळ सांगोल्याचा, सध्या ओहायोत. इथं गवत कापायला आणि हिवाळ्यात बर्फ लोटायला जुना गार्डन ट्रॅक्टर आहे, एक सिलिंडर पेट्रोल इंजिन. यात पट्ट्यावरचा अल्टरनेटर नाही. फ्लायव्हीलला आतून चुंबकं, त्याखाली तांब्याच्या तारेचं स्टेटर, आणि बाहेर छोट्या पत्र्याच्या डबीत रेक्टिफायर-रेग्युलेटर. कमाल १५ अँपिअर. स्टेटरच्या दोन तारा सोडून ३६०० आरपीएमला एसी व्होल्टेज मोजला तर माझ्याकडं ३० च्या पुढं येतो, म्हणजे स्टेटर चांगला. तरी बॅटरीवर साडेबाराच यायचे.

काकांचं वाचून रेग्युलेटरच्या डबीपासून बॅटरीच्या मायनसपर्यंत मोजलं, ०.८. डबी ज्या पत्र्यावर बसलीय तो गंजलाय. पत्रा घासून डबीच्या स्क्रूपासून वेगळी अर्थ वायर नेली. आता १४.१ येतात.

वायरमन, मिरज

उत्तम. तुमची पद्धत आपल्याकडच्या मोटारसायकलसारखी आहे, आरआर युनिटवाली. त्या डबीचं अंग हीच तिची मायनस असते, म्हणून गंजलेला पत्रा घातक. तुमच्या १५ अँपिअरमध्ये हॅलोजन वाढवायला जागा नाही, बर्फाच्या कामाला एलईडीच ठेवा. आणि थंडीत बॅटरी उतरलेली ठेवू नका. पाण्यासारखं झालेलं ॲसिड गोठतं आणि डबा फुटतो, भरलेल्या बॅटरीला तो धोका नसतो.

तासगावचा बागायतदार

काका, काम झालं. ब्रॅकेट काढलं तर दोन्ही तोंडांवर निळा रंग आणि त्याखाली जुना गंज. घासलं, दोन्ही वायरी ओढल्या, फ्यूज घातला. ॲमीटरच्या मागचं एक थिंबल हातातच आलं, दोन-तीनच तारा धरून होत्या.

आता चारही लाइट लावून बॅटरीवर १४.१. प्लसकडं ०.१, मायनसकडं ०.०५. बोल्ट गरम होत नाही. अल्टरनेटरचा मागचा भाग धुऊन उन्हात वाळवला, गळती ०.००. काल रात्री दोन टाक्या फवारल्या, पहाटे हीटर देऊन पहिल्या झटक्यात चालू.

एकच राहिलंय. फवारणी झाली की ट्रॅक्टर एचटीपीनं, म्हणजे दाबाच्या पंपानं, धुतो. अल्टरनेटर प्लास्टिकच्या पिशवीत बांधून ठेवू का?

वायरमन, मिरज

पिशवी नको. अल्टरनेटरला वारा लागतो, आत पंखा त्यासाठीच असतो. कोंडला तर डायोड तापून जातात. ट्रकच्या जुन्या ट्यूबचा रुंद तुकडा कापून ब्लोअरच्या बाजूनं पडद्यासारखा लटकवा, अंगाला चिकटू देऊ नका आणि पट्ट्यापासून लांब ठेवा. धुताना एचटीपीची धार अल्टरनेटर, सेल्फ आणि डॅशबोर्डवर थेट मारू नका, तिथं ओलं फडकं फिरवा.

आणि पट्टा बघून घ्या. मधोमध अंगठ्यानं दाबल्यावर १० ते १२ मिलिमीटर दबला की ठीक. पुलीच्या खाचेचा तळ चकाकत असेल तर पट्टा झिजून तळाला टेकतोय. मग कितीही ताणला तरी लोडला घसरतो, बदलायचाच. पट्टा फार ताणू नका, नुकतंच घातलेलं बेअरिंग जाईल. फवारण्यांचा हंगाम आहे तोवर आठवड्यातून एकदा लाइट लावून तेच दोन आकडे घ्या, प्लसकडचा आणि मायनसकडचा. ०.२ च्या वर जायला लागले की थिंबल उघडून साफ करा.